भोंगानगरची समाप्ती

लातूर

"बाई, तुमचं पुस्तक आमच्या गावात अडकून पडलंय. सोडवायला तुमालाच यावं लागंल."

लातूरला मुलांच्या पुस्तकांवरचा एक कार्यक्रम आटोपला होता आणि चहा कुठे मिळतोय ते मी शोधत होते. तेवढ्यात हे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर तक्रार. ओळख नाही, पाळख नाही, एकदम हेच वाक्य. मला वाटलं, वाचनालयाची प्रत कुणीतरी हरवली असेल आणि हे मला जाब विचारायला आलेत.

ते होते कांबळे गुरुजी. बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत शिकवायचे. राज्याचं म्हैसूर हे नाव जाऊन कर्नाटक होऊन काही वर्षं झाली होती. "गाव आदी निजामाकडं होतं, मग म्हैसूरला गेलं, आता कर्नाटक म्हणतेत," चहा पिता पिता गुरुजी म्हणाले. "गाव जागचं हललं न्हाई, पाट्या तेवढ्या हलल्या."

पुस्तकाबद्दल आधी थोडं सांगायला हवं. मी मुलांसाठी 'भोंगानगर' नावाची एक कादंबरी लिहिली होती. पुढे कधीतरी येणाऱ्या काळातलं गाव. तिथे सगळं भोंग्यावर चालतं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की कामाला लागायचं. जेवताना बोलायला बंदी, कारण घरची माणसं जेवताना बोलू लागली की विचारही करू लागतात. मूल जरा मोठं झालं की त्याने जन्मभर कोणतं काम करायचं ते भोंग्याची कचेरी ठरवते. तारा नावाची मुलगी बापाला विचारते, "हे असं का?" बाप भाकरी मोडत राहतो, उत्तर देत नाही. शेवटी तारा एकटीच वेशीबाहेर पडते, मागे दार लागतं आणि कादंबरीचं शेवटचं वाक्य येतं : 'त्या रात्री घरात एक ताट कमी मांडलं गेलं.'

हे वाक्य माझं फार लाडकं. मुलांसाठी इतकं काळोखं कशाला लिहायचं, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीही या वाक्याला मान डोलावली होती. घराघरांत मुलांनी प्रश्न विचारावेत आणि मोठ्यांनी मूग गिळून बसू नये, म्हणून मी ते पुस्तक लिहिलं होतं. शेवट वाचून आईबाप हलतील अशी माझी खात्री होती. गुरुजींच्या गावात ते हलले होते, पण भलतीकडेच.

गुरुजींच्या गल्लीतली घरं बौद्ध. धर्मांतर झालं तेव्हा जुन्या पोथ्या सुटल्या, पण उन्हाळ्यात रानातली कामं संपली की संध्याकाळी एकत्र बसून ऐकायची सवय काही सुटली नाही. विहाराच्या ओट्यावर बसायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. धम्माची पुस्तकं झाली, थोरामोठ्यांची चरित्रं झाली, आणि या उन्हाळ्यात गुरुजींनी उदगीरहून आणलेलं 'भोंगानगर' लावलं गेलं. पुस्तकं बदलली तरी वाचनाचे नियम जुनेच होते. एकदा पुस्तक लावलं की समाप्ती होईपर्यंत वाचणाऱ्याने गावची वेस ओलांडायची नाही. आणि समाप्ती गोड व्हायला हवी. त्या दिवशी सगळ्या गल्लीला हुग्गीचं जेवण. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर.

"शेवटचं वाक्य झालं अन् म्हातारी माणसं उठूनच गेली," गुरुजी सांगत होते. "ताट कमी मांडलं म्हंजे घरात मयत झाली, असा अर्थ हाय आमच्याकडं. त्याच्यावर हुग्गी कशी खायची? गहू कांडून ठेवलेले तसेच हायेत."

"मग खाऊ नका," मी म्हणाले. माझ्या शेवटाला कुणी अशुभ म्हणतंय, डोक्यात राख घालून घ्यायला एवढं पुरे होतं.

"हुग्गीचं जाऊ द्या हो. वाचणारी पोरगी अडकलीय."

वाचणारी होती सुजाता. सातवी पास झालेली. गावातली मराठी शाळा तिथेच संपते. पुढे उदगीरला मुलींच्या वसतिगृहात गुरुजींनी खटपट करून तिला जागा मिळवली होती. शाळा उघडायच्या आत हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार. आणि आई म्हणत होती, पुस्तकाची समाप्ती झाल्याशिवाय पोरगी वेस ओलांडणार नाही.

मला आधी हसू आलं. गुरुजी हसले नाहीत. "बाई, ही जागा गेली तर पोरीची शाळा इथंच संपली बघा," एवढंच म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मी त्या मुलीसाठी गेले असं म्हटलं तर ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे मला माझ्या शेवटाची बाजू मांडायची होती. गुरुजी त्याच दिवशी पुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले.

कमलनगरचा स्टँड

उदगीर सोडलं की आपण दुसऱ्या राज्यात कधी शिरतो ते कळत नाही. तीच काळी रानं, तेच कडुनिंब, धुऱ्यावर त्याच बोरी-बाभळी. कळतं ते कमलनगरच्या स्टँडवर उतरल्यावर. सगळ्या पाट्या कन्नडात. आयुष्यभर पुस्तकं वाचली, चार लिहिली आणि इथे मी चक्क अडाणी झाले. आजूबाजूला मात्र मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू अशी एकाच वाक्यात मिसळलेली बोलणी चालली होती. माझ्याशिवाय कुणालाच काही अडत नव्हतं.

भूक लागली होती म्हणून टपरीवर सुसला मागवला. आमच्या साताऱ्याकडे चुरमुऱ्यांची भेळ करतात आणि ते मऊ पडले तर भेळवाल्याला बोलणी बसतात. इथे ते मुद्दाम भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत घालतात आणि वर फुटाण्याच्या डाळीचं पीठ भुरभुरतात. सोबत मिरचीभजी. पहिल्या घासाला मी जरा साशंक होते, दुसऱ्या बशीला नव्हते.

पण त्या दुसऱ्या बशीच्या नादात गाडीची घाई झाली. समोर उभ्या असलेल्या गाडीत एका बाईंना "ठाणाकुशनूर?" असं विचारलं, त्यांनी मान हलवली आणि मी चढून बसले. त्या भागात मान कशी हलवली की होय आणि कशी हलवली की नाही, हे मला अजूनही सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने कंडक्टरने मला सांगितलं की गाडी भालकीला चाललीय, आणि एका फाट्यावर कडुनिंबाखाली उतरवून दिलं.

ऊन असं की निंबाची सावलीसुद्धा तापलेली. चिडायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून स्वतःवरच चिडून बसले होते, तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत लग्नाचं वऱ्हाड. बायका, लेकरं, पितळी भांडी आणि दोन ताशेवाले. ठाणाकुशनूरला चालले होते. त्यांनी हात देऊन मला वर ओढलं आणि एका मावशींनी विचारलं, "कुन्या बाजूच्या म्हनायच्या तुमी? नवरीच्या का नवऱ्याच्या?"

"पुस्तकाच्या," मी म्हणाले, आणि थोडक्यात सांगितलं.

अडकलेल्या पुस्तकाची गोष्ट मावशींच्या कानावर आधीच आलेली असावी. त्यांनी पदर सावरला आणि अख्ख्या ट्रॉलीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आगं, त्या ताराच्या पुस्तकवाल्या बाई ह्याच!" मग माझ्याकडे वळून, "येवढं लेकरू एकलं कामून सोडलाव वो वेशीबाहीर? तुमाला काय पोटची लेकरं न्हाईत?"

मला एक मुलगा आहे, चांगला नोकरीला आहे, असं मी सांगून पाहिलं. त्याने कुणाचं समाधान झालं नाही. गावात पोचलो ते ताशाच्या कडकडाटात, आणि मला बघायला जमलेल्या लेकरांना वाटलं की लेखक बाई वाजतगाजत आली.

ठाणाकुशनूर

माझी उतरायची सोय सुजाताच्याच घरी केली होती. दगडी जोत्यावरचं घर, पुढे पडवी, पडवीत रांजण. सुजाताचे वडील माणिकअण्णा गवंडीकाम करायचे, थोडी शेतीही होती. बोलायला अगदी कमी. आजोबा लिंबाजीआबा बोलण्याची सगळी कसर भरून काढायचे. आणि आई, गयाबाई, हिच्याशी माझी खरी गाठ होती. तिने पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाली, "तुमी आलाव, लई बरं झालं. सावकाश संपवा पुस्तक. घाई न्हाई."

कुठल्याही लेखकाला आवडावं असं वाक्य. पण तिची नजर बोलताना कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे होती.

पेटी सुजाताची. ती चुणचुणीत, उंच, दोन वेण्यांची मुलगी मी आल्यापासून माझ्याभोवती नाचत होती. पेटी उघडून मला दाखवली : दोन परकर-पोलकी, एक नवी ओढणी, आरसा, शेंगाच्या चटणीचा डबा. पुन्हा सगळं काढलं, पुन्हा नव्याने लावलं. गाणं गुणगुणत होती. "रोज भरती अन् रोज उपसती," आबा म्हणाले. गयाबाई तिकडे चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिच्या हाताचा आवाज जरा मोठा आला, बाकी काही नाही.

जेवायला अंबाडीची भाजी होती, तिला तिथे पुंडीपल्ल्या म्हणतात. तुरीचं घट्ट वरण, ज्वारीची कडक भाकरी आणि तोंडी लावायला हिरवी मिरची. पण मला आठवतो तो गलका. जेवताना सगळे एकदम बोलत होते. आबा ताराच्या गावाची वेस कुठल्या दिशेला असेल यावर, जेवायला आलेले गुरुजी वसतिगृहाच्या नियमांवर, सुजाता दोन्हींवर. आमच्या घरी जेवताना रेडिओ बोलतो आणि आम्ही ऐकतो. ज्या घरात भोंगानगर वाचून काही शिकायची गरज नव्हती, नेमकं त्याच घरात माझं पुस्तक अडकलं होतं. मला त्याचा थोडा रागच आला.

ऊन उतरल्यावर आबांनी मला रान दाखवायला नेलं. नांगरून पडलेली काळी ढेकळं, मधेच एक तांबडा पट्टा, आणि बांधावर चिंचेची प्रचंड झाडं. एका चिंचेखाली आबा टेकले.

"बाई, तुमचं पुस्तक पुढं घडंल म्हनून लिवलंय न्हवं?"

"हो. असं होऊ नये म्हणून."

"आमी त्येच्यातनंच चालत आलाव. भोंगा न्हवता येवढंच. कुटं बसायचं, कुनापुढं बोलायचं न्हाई, जल्मभर काय काम करायचं, समदं दुसरेच ठरवायचे. पोरांनी इचारलं तर माझा बाप बी असाच भाकरी मोडत बसायचा. त्येला ठावंच न्हवतं काय सांगावं ते." आबा हसले. "मग एक दिस आमी समदे संगट बाहीर पडलाव. म्हनून तर मला तुमची तारा पटंना. एकलीच कामून गेली ती?"

मला फार बरं वाटलं, खरं सांगते. इतक्या लोकांनी त्या पुस्तकावर लिहिलं, पण तारासाठी असं तळमळून कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याशी भांडले, की एकट्या मुलीचं धाडस दाखवायचं होतं. आबा म्हणाले, धाडस खरं, पण घरच्यांनी वेशीपर्यंत यायला नको होतं का? असे भांडत आम्ही दिवेलागणीला परतलो.

विहाराचा ओटा

विहार म्हणजे एक पांढरी धुतलेली खोली आणि पुढे मोठा ओटा. त्रिसरण-पंचशील झालं, कंदील लावला, आणि गल्लीतली माणसं दाटीवाटीने बसली. ओट्याच्या कडेला पलीकडच्या गल्लीतल्या शरणम्मा येऊन बसल्या. या शेतकरी घरातल्या, कन्नड बोलणाऱ्या. वाचन मराठीत चालायचं आणि मधे मधे गुरुजी त्यांना कन्नडात सार सांगायचे.

या वाचनाची एक रीत मला इथेच कळली. ज्याने ऐकलं त्याने उठायच्या आधी काहीतरी बोलायचंच. एक शब्द बोला, पण बोला. माना डोलावून घरी जायचं नाही. शरणम्मांचं बोलणं ठरलेलं होतं. प्रत्येक प्रकरण संपलं की त्या ताराबद्दल एकच विचारायच्या, "हुडुगी ऊट माडिदळेनु?" पोरगी जेवली का? गयाबाईचंही ठरलेलं. ती म्हणायची, "आयकलं." उन्हाळाभर ती यापलीकडे बोलली नव्हती, असं गुरुजींनी मला हळूच सांगितलं.

सुजाताने शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं. काय वाचते ती मुलगी! खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. दार लागलं. ताट कमी मांडलं गेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकच वळ हाय बाई," आबा म्हणाले. "तुमीच लिवलाव, तुमीच खोडा. म्हना, तारा सांजच्याला परत आली. आमी उद्या हुग्गी करताव अन् पोरगी बी मोकळी हुती."

"नाही," मी म्हणाले. "माणूस घरातून गेलं की जागा रिकामी होते. ती दिसायला नको का? ती दिसली नाही तर घरातली माणसं बदलतील कशाने?"

शरणम्मांनी गुरुजींना काहीतरी विचारलं. गुरुजी जरा घुटमळले. "त्या म्हणतेत, वेशीबाहेर पोरीला जेवायला कोण घालतं?"

मला ते माहीत नव्हतं. मी कधी विचारच केला नव्हता. वेशीबाहेर मी नुसता काळोख लिहून मोकळी झाले होते. तसं सांगितल्यावर शरणम्मांनी कपाळाला हात लावला, आणि ओटा पहिल्यांदा हसला.

मग मात्र जुंपली. माणिकअण्णा, जे सहसा बोलत नाहीत, ते वडिलांवर उखडले. "पोथ्या सोडून इतके साल झाले. अन् शुभ-अशुभ अजून धरून बसलाव तुमी. पोरीची जागा जायलीय, आबा!"

"शुभ-अशुभाचं न्हाई रे," आबा म्हणाले. "आयकनारानं उपाशी मनानं उठू नये, येवढंच हाय ते."

"मग तिला कामून अडवायलाव?"

"मी कुटं अडवायलोय? तुझ्या बायकूला इचार की."

सगळे गयाबाईकडे वळले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आयकलं," आणि उठायला लागली.

"बस," माणिकअण्णा म्हणाले, पण रागाने नाही. ते सुजाताकडे वळले. ती मांडीवर पुस्तक ठेवून बसली होती. "समदे बोलले. वाचनारीला कुनी इचारलंच न्हाई. सुजे, तुला काय वाटायलंय गं?"

वाचणाऱ्याला बोलायची रीत नव्हती, त्यामुळे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी दिवसभर तिची बडबड ऐकत होते आणि मला वाटत होतं की ती सांगतेच आहे सगळं. सुजाताने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"मला ताराचं म्हाईत न्हाई," ती म्हणाली. खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "त्या दारापाशी वाचत आले की पुस्तक मिटावं वाटतंय. मला उदगीरला जायचंय, अण्णा. पर मला लई भ्या वाटायलंय. रातीला झोप येईना झालीय. तिथं कुनी वळखीचं न्हाई."

"मग सांगायचं न्हाई व्हय?" गुरुजी म्हणाले.

"तुमी येवढी खटपट केलाव. कसं सांगू?"

गयाबाई उभी होती तिथेच पुन्हा बसली. "भ्या वाटायलंय? तुला?"

सुजाताने मान हलवली. यावेळी मला त्या मानेचा अर्थ कळला.

"आन् रोज पेटी भरायलीस ती? गानी म्हनायलीस ती? मला वाटलं, पोरीला घर नकोसं झालंय. जायच्या आदीच मनानं गेलीय. आता एकदा गेली की हिकडं वळून बघायची न्हाई."

"रडले असते तर तू मला सोडली नसतीस, आई."

"आगं, तू रडली न्हाईस म्हनूनच सोडू वाटंना झालं मला!"

एवढं बोलून गयाबाईने तोंडात पदर धरला. सुजाता उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली. बरेच दिवस साठलेलं रडू होतं, हमसून हमसून आलं. ओट्यावरून कुणी उठलं नाही. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण सगळ्यांचीच ती गत होती.

लेकीच्या केसांवरून हात फिरवत गयाबाई थोड्या वेळाने म्हणाली, "आबा, आज गहू भिजाया घालते. उद्या हुग्गी."

"आन् पुस्तकाचं काय?" आबांनी विचारलं. त्यांना अजून माझी ओळ खुपतच होती.

"पुस्तकाचं बाई बघतील," ती म्हणाली. "माझ्या लेकराचं मला कळलं."

हुग्गी

ती हुग्गी मी आयुष्यात विसरणार नाही. कांडलेला गहू मऊ शिजलेला, गुळाचा तांबूस रंग, वेलदोडा, सुंठ, खोबऱ्याचे काप, आणि वर तूप. आमच्याकडच्या खिरीपेक्षा दाट, पत्रावळीवर वाढली तरी पळत नाही. सगळी गल्ली जेवली. शरणम्मा आल्या, सुजाताच्या शेजारी बसल्या आणि ती जेवेपर्यंत तिच्या पत्रावळीवरून नजर काढली नाही. वऱ्हाडातल्या मावशीही कुठूनशा हजर झाल्या आणि मला आग्रहाने वाढत राहिल्या. राग गेला होता की पोटात हुग्गी घालून मला ताराला परत आणायला लावायचा बेत होता, देव जाणे.

मी ती ओळ बदलली का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही बदलली. पुढच्या आवृत्तीतही ती तशीच आहे, आणि आबांनी त्याबद्दल मला निरोप पाठवून नाराजी कळवली. फक्त आता कुणी त्या ओळीची स्तुती केली की मला पदर बोटाला गुंडाळणारी गयाबाई दिसते आणि मी विषय बदलते.

वेशीवर

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने सुजाता, गुरुजी आणि मी असे तिघे उदगीरला निघणार होतो. गाडी वेशीपाशी थांबते. माणिकअण्णांनी पेटी टपावर चढवून बांधली, मग खाली उतरून गाठ पुन्हा तपासायला वर गेले, मग पुन्हा उतरले. आबांनी कंडक्टरला दिवाळीच्या सुटीत गाड्या वेळेवर असतात का ते विचारलं. दिवाळीला अजून पावसाळाभर अवकाश होता. कंडक्टरने आपलं "हौ, हौ," म्हटलं.

मी चढून खिडकीजवळची जागा सुजातासाठी धरून ठेवली. ती पायरीपर्यंत आली. एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली. मागे वळून आईकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला.

"आई, म्या न्हाई जात."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गुरुजींनी काही बोलायला तोंड उघडलं, पण गयाबाईने हातानेच त्यांना गप्प केलं. तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठ्यांनी डोळे पुसले, केस मागे सारले. तिचे स्वतःचे डोळे भरून वाहत होते.

"जा आता लौकर," ती म्हणाली. "आजून येक डाव असं म्हनलीस तर मी व्हय म्हनीन."

सुजाता गाडीत चढली.